रोपांना दोन दारं

माझ्या भावाच्या रोपवाटिकेला दोन दारं आहेत. पहिलं दार उघडून आत गेलं की एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी जागा लागते. तिथे थांबायचं, मागचं दार ओढून घ्यायचं, कडी लागली का ते पाहायचं आणि मगच पुढच्या दाराला हात लावायचा. दोन्ही दारं एकाच वेळी उघडी दिसली तर भाऊ ज्या आवाजात ओरडतो, तो आवाज आमच्या बोरी गावच्या कालव्यापलीकडच्या वस्तीवर ऐकू जातो.

कारण साधं आहे. आत टोमॅटोची रोपं असतात आणि बाहेर पांढरी माशी. तिळापेक्षा लहान असलेली ही माशी आत शिरली की रोपांना व्हायरस लागतो. रोप नेणाऱ्या शेतकऱ्याच्या रानात मग पानं गोळा होतात, फळ धरत नाही, आणि तो शेतकरी रोपवाटिकेच्या दारात येऊन उभा राहतो. म्हणून सगळ्या बाजूंनी बारीक नेट आहे. त्या नेटला उंदराने कुरतडलेलं बोटभर भोक दिसलं तरी भाऊ स्वतः सुईदोरा घेऊन बसतो आणि ते शिवतो. दर आठवड्याला तो नेटच्या कडेने चालत जातो, खाली मातीत दाबलेली कड उघडी पडली असेल तर पायाने माती ओढतो. कामावर येणाऱ्या बायकांना डोक्याला पिवळा स्कार्फ बांधायची मनाई आहे, कारण पिवळ्या रंगावर माशी बसते आणि बायकांबरोबर आत येते.

याच भावाच्या घराला, रोपवाटिकेपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आणि आमची आई ज्यात राहते त्या घराला, पुढून एकच दार होतं. ते दिवसभर उघडं असायचं.

आईला दमा आहे. नारायणगावच्या डॉक्टरांनी आमच्या सगळ्यांच्या समोर सांगितलं होतं, धूर नको, कॉइल नको, आणि फवारा तर अजिबात नको. घरात हे बंद होत नसेल तर त्यांना दुसरीकडे ठेवा. दुसरीकडे म्हणजे माझ्याकडे, पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. आईने ते दवाखान्याच्या पायरीवरच निकालात काढलं.

"मी तिथं यिऊन काय करू? आपल्या खिडकीतनं दुसऱ्याच्या खिडकीकडं बघत बसू?"

तेव्हा प्रश्न असा होता. घरात किडे कमी झाले नाहीत तर फवारा थांबणार नाही. फवारा थांबला नाही तर आई त्या घरात राहू शकणार नाही. तिला दुसरं काहीही नको होतं. तिला स्वतःच्या घरात, स्वतःच्या कॉटवर, श्वास घ्यायचा होता.

फवारा का थांबत नव्हता, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडे शेतात फवारणी झाली की पंपाच्या तळाशी थोडं औषध उरतं. कीटकनाशकाला इकडे सगळे औषधच म्हणतात. ते उरलेलं ओतून देणं म्हणजे ताटातलं टाकण्यासारखं समजलं जातं. मग तो पंप पाठीवरून न उतरवता तसाच घरात आणतात. भिंतीच्या कडेने, कॉटखाली, मोरीत, धान्याच्या कोठीमागे, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर मारत मारत पंप रिकामा करतात. टोमॅटोवरच्या अळीचं असेल तर ते झुरळांवर, द्राक्षावरच्या पिठ्या ढेकणाचं असेल तर ते मुंग्यांवर. कशावर काय चालतं हे कोणी विचारत नाही. उरलं आहे, एवढंच कारण.

हे आमच्या एकट्या घरात चालत नव्हतं. आमच्या वस्तीवर ज्या ज्या घरी मी विचारलं, तिथे चालत होतं. ही माणसं अडाणी नाहीत. त्यांना बाटलीवरच्या, विष किती कडक ते सांगणाऱ्या लाल, पिवळ्या, निळ्या आणि हिरव्या खुणांचा अर्थ कळतो. कुठलं औषध मारल्यावर किती दिवसांनी द्राक्ष तोडायचं, हे त्यांना तोंडपाठ असतं, कारण निर्यातीचा माल तपासला जातो. घरातल्या माणसांचा माल कोणी तपासत नाही.

मी नारायणगावच्या एका शेतीच्या औषधांच्या दुकानात जाऊन विचारलं होतं. दुकानदार हसला.

"ताई, घरात मारायचं हे औषधच न्हाई. पन सगळेच मारत्यात. काय व्हत न्हाई. जरा पातळ करून मारायचं."

"आई दम्याची आहे."

"मंग त्यांना जरा अंगणात बसवायचं तेवढा येळ."

'काय व्हत न्हाई' हे वाक्य त्या वर्षात मी इतक्या जणांकडून ऐकलं की शेवटी ते ऐकलं की कानशिलं तापायची.

किडे घरात येतात, कारण त्यांना यायला जागा ठेवलेली असते. एका शनिवारी मी घराभोवती फिरले. सेप्टिक टँकच्या उभ्या पाइपाच्या तोंडाला जाळी नव्हती, त्यामुळे संध्याकाळी तिथून डासांची धार निघायची. मोटरचा पाइप जिथून भिंतीत शिरतो तिथे गवंड्याने ठेवलेली फट आजवर तशीच होती, आणि लाल मुंग्यांची रांग बरोबर तिथून स्वयंपाकघरात उतरत होती. मोरीच्या भोकावरची जाळी कधीतरी भांडी घासताना निघाली होती आणि तिच्या जागी दगड होता. मागच्या दाराची चौकट खालून वाळवीने पोखरली होती. दार आणि उंबरा यांच्यामध्ये बोट जाईल एवढी जागा होती, तिथून पावसाळ्यात घोणी येत. खिडक्यांची जाळी मांजराने फाडलेली होती. आणि पुढच्या दाराच्या बरोबर वर मोठा पांढरा दिवा होता. बांधापलीकडच्या कोंबड्यांच्या शेडमधून माशा आणि कालव्याकडून चिलटं, सगळ्यांना तो दिवा बोलावत होता, आणि त्याच्या खाली दार सताड उघडं.

यातली एकही गोष्ट अवघड नव्हती. भाऊ रोपवाटिकेत ज्या नजरेने चक्कर मारतो, त्या नजरेने त्याने एकदा घराभोवती मारली असती तर त्यालाही हे सगळं दिसलं असतं. तो घराभोवती फिरत नव्हता, कारण घरातून काही विकायचं नव्हतं.

मी पांढरं सिमेंट, रबराच्या पट्ट्या, जाळी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन दर दुसऱ्या शनिवारी जाऊ लागले. दादाने, माझ्या त्या मोठ्या भावाने, पहिल्या दिवशी खुर्ची बाहेर आणली आणि तो मजा बघत बसला.

"पुन्याहून इंजिनियर आल्यात," तो वहिनीला म्हणाला. "च्या टाक. " मग तो माझ्याकडे वळला. "आन अगं, तू माहेरपनाला आली का कामाला? पावनी हाय तू. बस की गप."

"पाइपाची फट कधीपासून आहे?"

"घर बांधल्यापासनं. फट न्हाई ती, हवा याया ठिवलीय."

वहिनी हसली नाही. ती शेण काढून आलेली होती, हात धूत होती. तिने माझ्या हातातल्या जाळीकडे पाहिलं.

"वन्सं, तुमी जाळी लावून जाल. धूळ बसल्यावर ती धुवायची कुनी? फाटल्यावर शिवायची कुनी? ते बी सांगून जावा."

तो प्रश्न अगदी बरोबर होता. घर बांधणं, रंग देणं, स्लॅब टाकणं, ही पुरुषांची कामं असतात, आणि ती झाली की घर झालं असं समजतात. त्यानंतर घर रोज थोडं थोडं उघडं पडत जातं. एक खिळा सैल होतो, एक पट्टी सुटते, एक भोक मोठं होतं. हे रोज बुजवणं हे कुणाचंच काम नसतं, म्हणून ते घरातल्या बाईचं होतं, तेही तिच्या बाकीच्या कामांच्या वर. मी दादाला वहिनीच्या देखत विचारलं की रोपवाटिकेची नेट कोण धुतं.

"मी. आन दोन गडी."

"मग घराची?"

"बायका हायती की घरात."

वहिनी आत निघून गेली. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा खिडक्यांच्या जाळ्या धुतलेल्या होत्या आणि मोरीच्या जाळीला तिने तारेने बांधून टाकलं होतं, पुन्हा निघू नये म्हणून. तिने ते काम अंगावर घेतलं. तिला ते घ्यावं लागायला नको होतं, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

दाराचा प्रश्न राहिला. दारावरचा दिवा काढून मी तो गोठ्याच्या कोपऱ्यावरच्या खांबावर बसवून घेतला, तेव्हा माशा आणि चिलटं तिकडे गेली. पण दार दिवसभर बंद ठेवणं शक्य नव्हतं. आमच्याकडे दिवसा दार बंद असणं म्हणजे घरात भांडण आहे, किंवा कुणी दगावलं आहे, किंवा माणसं उतलीमातली आहेत. मी दादाकडे रोपवाटिकेतल्या नेटचे उरलेले तुकडे मागितले. पडवीला पुढून नेट लावायची, तिच्यात एक जाळीचं दार, आणि मग आतलं घराचं दार. दोन दारं.

"घराची काय नर्सरी करती का?"

"हो."

तो हसला, पण त्याने तुकडे दिले. नेट ताणून धरायची ॲल्युमिनियमची पट्टी आणि नागमोडी स्प्रिंगही दिली. त्या दिवशी तो बराच वेळ शेजारी उभा होता. मी स्प्रिंग चुकीच्या बाजूने दाबत होते, तेव्हा त्याच्याने राहवलं नाही. त्याने हातातून घेतली आणि एका दमात शेवटपर्यंत दाबत नेली. या कामात त्याच्या हाताला तोड नाही. त्याला काय करायचं हे माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये म्हणून हे लिहून ठेवते.

जाळीचं दार बसलं त्याच दिवशी आमचे चुलते, तात्या, आले. ते बांधापलीकडे राहतात आणि रोज दुपारी चहाला येतात. दाराला कडी पाहून ते अंगणातच थांबले.

"ही जाळी कुनासाठी? डासासाठी का आमच्यासाठी?"

"तात्या, नुसती ढकला, उघडतंय," वहिनी आतून म्हणाली.

"न्हाई न्हाई. आदी सांगा. आमी काय चिलटं हाय का, गाळून घ्याया?"

"या की आत."

"मी हितंच बरा. कप जाळीतनं दे. मावला तर मावला."

आई कॉटवरून उठली. तिचा आवाज बारीक आहे, पण दिराशी बोलताना तिला तो पुरतो.

"भावजी, तुमच्यासंगं तुमच्या कोंबड्यांच्या माशा येत्यात. त्यांना भायेर बसवा, आन तुमी या."

शेड तात्यांच्या मुलाची होती. तात्या आत आले, पण दार उघडंच ठेवून. वहिनीने ते लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा उघडं ठेवलं, तिने पुन्हा लावलं. असं बरेच दिवस चाललं. मग एक दिवस त्यांनी स्वतःच मागे वळून लावलं.

आईशी वाद झाला तो वेगळा. दिवेलागणीला दार उघडं ठेवायचं, लक्ष्मी घरात येते, हे ती जन्मभर करत आली. आणि डास घरात शिरतात ते नेमके त्याच वेळी. जाळीचं दार बसल्यावर पहिल्या संध्याकाळी तिने दिवा लावला, आतलं दार उघडलं आणि मग बाहेर जाऊन जाळीचं दारही दगड लावून सताड उघडं करून ठेवलं. मी काही बोलायच्या आत पडवी चिलटांनी भरली. तिला खोकला आला. खोकला थांबल्यावर ती दाराकडे बघत बसली.

"जाळीतनं उजेड येतो ना आत?" तिने विचारलं.

"येतो."

"वारा येतो?"

"येतो."

"मंग ती बी येईल," आई म्हणाली आणि उठून तिने दगड काढला. एवढ्यावर तो वाद संपला. इतक्या वर्षांची रीत सोडायला तिला एक संध्याकाळ पुरली. दादाला पंप सोडायला किती लागेल, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं होतं.

तो पावसाळा आणि पुढचा हिवाळा आईला बरा गेला. तिचा श्वासाचा पंप उशाखाली असायचा, तो आता बाहेर काढावा लागत नव्हता. वहिनी नेट धुवायची, आई सुईदोरा घेऊन बसून भोकं शिवायची. चौकट बदलून घेतली. मुंग्यांची रांग बंद झाली, माशा दोन-चार असायच्या. घरात मारायला कारण उरलं नाही, म्हणून पंप रोपवाटिकेतच राहिला. दादा काही म्हणत नव्हता. माझा समज झाला की त्याला पटलं आहे.

उन्हाळी टोमॅटोच्या रोपांची मागणी सुरू होती तेव्हा वळवाचं वादळ झालं. रोपवाटिकेची पश्चिमेची नेट वरपासून खालपर्यंत फाटली. नवीन रोल यायला वेळ लागणार होता आणि आत तयार रोपांचे ट्रे होते. वादळानंतरच्या सकाळी दादा पाना आणि पक्कड घेऊन घरी आला आणि पडवीची नेट काढू लागला. जे पुढे झालं ते वहिनीने मला नंतर जसं सांगितलं, तसं लिहीत आहे.

"आवं, ही कशाला काढता?"

"नर्सरी उघडी पडलीय. माशी शिरंल."

"आन हितं?"

"हितं काय रोपं हायती का?"

आई तेव्हा शेजारी एका घरी बारशाला गेली होती. दादाने नेट नेली, जाळीच्या दाराची चौकटही नेली, कारण रोपवाटिकेच्या एका दाराची मोडली होती. फाटलेली बाजू दुपारपर्यंत बंद झाली. मग त्याने आत शिरलेल्या माशीसाठी रोपांवर फवारणी केली. फवारणी झाल्यावर त्याने रोपवाटिकेच्या बाहेरच्या दाराला पत्र्याची पाटी अडकवली. ती पाटी मी अनेकदा पाहिलेली आहे. तिच्यावर त्याने स्वतःच्या अक्षरात रंगाने लिहिलं आहे, 'औषध मारले आहे. आत जाऊ नये.' दुसऱ्या दिवसापर्यंत ती काढायची नाही आणि तोवर एकाही बाईला आत सोडायचं नाही, असा त्याचा नियम आहे.

पंपात थोडं उरलं होतं.

घरात माशा झाल्या होत्या, कारण दार पुन्हा एकच होतं आणि उघडं होतं. वहिनी वैरण आणायला गेली होती. दादा पंप पाठीवर घेऊन घरात आला आणि त्याने भिंतीच्या कडेने, मोरीत आणि आईच्या कॉटखाली मारून तो रिकामा केला. मग तो आंघोळ करून, कपडे बदलून नारायणगावला गेला. घराला पाटी लावली नाही.

आई बारशाहून आली, दमलेली होती, कॉटवर आडवी झाली.

मी ऑफिसात होते. वहिनीचा फोन आला तेव्हा ती गाडीतच होती. मागून गाडीच्या हॉर्नचे आणि आईच्या श्वासाचे आवाज येत होते. रस्त्यावर उभी राहून तिने मिळाली ती जीप थांबवली होती आणि जीपवाल्याने बाकीचे पॅसेंजर उतरवले होते. त्यातलं एक माणूसही कुरकुरलं नाही, असं ती म्हणाली.

मी पोचले तेव्हा आईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. दादा बाहेरच्या बाकावर बसला होता. डॉक्टरांनी त्याला काय मारलं म्हणून विचारलं होतं आणि त्याने मोबाइलमधला बाटलीचा फोटो दाखवला होता. फोटो त्याच्याकडे होता, कारण रोपांसाठी कुठलं औषध कधी मारलं हे तो नीट ठेवतो.

"थोडंच मारलं व्हतं," तो मला म्हणाला. "तळाला उरल्यालं."

"पाटी का लावली नाहीस?"

"कुठं?"

"घराला."

त्याला प्रश्नच कळला नाही. तो माझ्याकडे खरोखर न समजून बघत होता. नंतर तो म्हणाला, "घराला कुनी पाटी लावतं व्हय?"

तो क्षण अजूनही माझ्या डोक्यातून जात नाही. परक्या बायकांना विषारी हवेत जाऊ द्यायचं नाही एवढी समज असलेला हा माणूस आहे. ती समज त्याने रोपवाटिकेच्या दाराशी चपलांसारखी काढून ठेवली आणि तो घरी आला. घरात राहतात ती आपली माणसं. आपल्या माणसांना काय होतंय.

आई सुधारली. सोडायचा दिवस आला तेव्हा दादाने पिकअप दवाखान्याच्या दारात लावली आणि माझ्याकडे बघून ठरवल्यासारखं म्हणाला, "आता हिला तूच घेऊन जा. पुन्याला हवा बदल व्हईल. हितं काय, माशा लई झाल्यात."

माशा लई झाल्यात. नेट त्यानेच नेली होती, आणि घर सोडायचं होतं आईने.

आई बाकावर बसून पिशवी बांधत होती. तिने पिशवीची गाठ मारली.

"मी पुन्याला येत न्हाई. आन घरी बी येत न्हाई. मला कळंबला सोड."

कळंब हे तिचं माहेर. नारायणगावहून जाताना मंचरच्या अलीकडे, पुणे-नाशिक रस्त्यावर. तिथे तिचा धाकटा भाऊ राहतो, आमचा मामा.

"कळंबला? आन किती दिस?" दादा म्हणाला.

"घराला दोन दारं लागस्तवर."

या वयाची बाई माहेरी जाऊन राहिली याचा अर्थ आमच्या भागात एकच होतो. ती रुसून गेली. नव्या नवरीचं रुसणं लोक दोन दिवसांत विसरतात. नातवंडं असलेल्या बाईचं रुसणं ही गावाची बातमी होते. दादाला हे कळत होतं. त्याने वाद घालायचा प्रयत्न केला, पण आई पिकअपमध्ये पुढच्या सीटवर बसली होती आणि काचेतून समोर बघत होती. त्याने गाडी कळंबच्या रस्त्याला लावली.

बातमी त्याच्या आधी बोरीत पोचली. वहिनी फोनवर सांगायची. रोपं न्यायला आलेले शेतकरी ट्रे मोजता मोजता विचारायचे. टोमॅटोच्या बाजारात ओळखीचा एक व्यापारी लांबूनच ओरडला, "काय राव, म्हातारी रुसून माहेराला गेली म्हनं? आता न्याया पेढं घेऊन जावा!" तात्या तर रोज येऊन अंगणात उभे राहायचे आणि नसलेल्या जाळीच्या दाराची कडी हवेत काढल्यासारखं करून आत यायचे. हसायचं कारण होतं, म्हणून लोक हसत होते. आई ऑक्सिजनवर गेली होती हे त्या हसण्यात कोणी काढत नव्हतं. त्याची लाज कोणाला वाटत नव्हती, कारण ज्याच्या त्याच्या घरात पंप रिकामा होतच होता. लाज म्हाताऱ्या बाईच्या माहेरी जाण्याची होती.

दादा तिला आणायला कळंबला आला, त्या दिवशी मीही तिथे होते. त्याने खरंच पेढे आणले होते. मामाने त्याला पाणी दिलं, मामी चहा टाकायला उठली.

"चल," तो आईला म्हणाला. "नेट लावली."

"दार?"

"घराचं हाय की. जाळीचं मागनं लावू."

"मंग मी बी मागनं येते," आई म्हणाली आणि पेढ्यांचा पुडा मामीकडे दिला.

मामा मिशीत हसला. "भाच्या, च्या पी आन जा. बहीन माझी हाय, मला जड न्हाई."

दादा चहा न पिता गेला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच मला थोडं काही दिसलं. तो अपमान होता की दुसरं काही, हे सांगता येणार नाही, आणि अंदाज करणार नाही.

तो पुन्हा आला तेव्हा त्याने नुसता मोबाइल आईच्या हातात दिला. फोटोत पडवी होती, तिला नेट होती, बाहेर एक दार, आत एक दार. आईने फोटो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, मग मामीला दाखवला. मग ती उठून पिशवी आणायला गेली.

त्यानंतर घरात पंप आला नाही. एकदा आला होता, उन्हाळ्याच्या शेवटी, दादाच्या पाठीवर, सवयीने. तो बाहेरचं दार उघडून पडवीत आला तेव्हा आई आतल्या दाराशी बसून तांदूळ निवडत होती. वहिनी सांगते, आईने वर पाहिलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मागचं लाव आदी. आन ते पाठीवरचं उतरवून भायेर ठिव." त्याने मागचं दार लावलं, मग पुन्हा उघडलं, बाहेर जाऊन पंप गोठ्याच्या भिंतीला टेकवला आणि उरलेलं औषध बांधावर, विहिरीपासून लांब, ओतून दिलं. ते ओतताना तो काहीतरी पुटपुटत होता. काय, ते वहिनीला ऐकू आलं नाही.

आई तिच्या घरात आहे आणि तिचा श्वास ठीक आहे. एवढं झालं, हे मी नाकारत नाही.

परवा गेले तेव्हा मी पडवीची नेट जवळून पाहिली. ती ठिकठिकाणी शिवलेली आहे. वरपासून खालपर्यंत एक लांब शिवण आहे, टाके दादाच्या हातचे आहेत, मला ते ओळखू येतात. ही वादळात फाटलेली पश्चिमेची नेट आहे. नवीन रोल आला होता. तो पूर्ण रोपवाटिकेला लागला. उरलेला तुकडाही गुंडाळून तिथेच वर टांगून ठेवला आहे, पुढच्या वादळासाठी.

मी आईला ते दाखवलं. तिला माहीत होतं.

"शिवल्याली हाय, पन भोक न्हाई," ती म्हणाली, आणि सुई मागितली, कारण खालच्या कोपऱ्यात एक टाका सुटला होता.